आतून कडी लागणारी खोली

(हिंगोलीतल्या युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दवाखान्यावर हा माणूस काय बोलणार, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय, म्हणून आधी तेच सांगतो. आमच्या कामात कुठलीही व्यवस्था बांधण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: हिच्यावर हल्ला कोण करेल? उत्तर ठरलेलं असतं, कुणीतरी बाहेरचा, अनोळखी माणूस. पासवर्ड, ओटीपी ही सगळी तटबंदी त्याच्यासाठी. आता घरात नवऱ्याचा मार खाणारी बाई डोळ्यांसमोर आणा. इथे हल्ला करणाऱ्याला पासवर्ड माहीत आहे. सिमकार्ड त्याच्याच नावावर आहे. दवाखान्यात तिला आणणारा तोच, आणि भरती करताना नातेवाईक म्हणून सही करणाराही तोच. आमच्या सगळ्या व्यवस्था त्याला आपला माणूस समजतात.

२५ मार्च २०२० ला देश बंद झाला आणि ही गोष्ट उघडी पडली. बाईला घराबाहेर पडायची जी चार निमित्तं असतात, बाजार, माहेर, मुलांची शाळा, कामाचं ठिकाण, ती एका रात्रीत संपली. १० एप्रिलला राष्ट्रीय महिला आयोगाने तक्रारीसाठी व्हॉट्सअॅप क्रमांक जाहीर केला. चांगलंच केलं. पण तो फोन हातात कुणाच्या असतो? एका खोलीच्या घरात, नवरा चोवीस तास समोर असताना, मेसेज लिहायचा कधी आणि पुसायचा कधी? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की हिंसा सोसलेल्या शंभरातल्या साधारण ७७ बायकांनी मदत तर मागितली नाहीच, कुणाला सांगितलंही नाही. जी शेजारणीला सांगत नाही, ती अनोळखी नंबरला सांगेल?

एक निमित्त मात्र टाळेबंदीतही शिल्लक होतं: दवाखाना. गरोदरपणाची तपासणी, बाळाची लस, हाताला झालेली जखम. यासाठी बाईला घराबाहेर पडता येत होतं.

मुंबईत हे फार आधी ओळखलं गेलं होतं. २००० साली वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं. पुढे ते कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात गेलं, आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानातून मुंबईतल्या आणखी ११ रुग्णालयांत. मला त्यातल्या दोन गोष्टी आवडतात. पहिली म्हणजे नाव. दारावर 'दिलासा' लिहिलंय, 'अत्याचारपीडित' नाही. त्या दारातून आत जाताना कुणी पाहिलं तरी काही उघड होत नाही. दुसरी म्हणजे जागा. केंद्र रुग्णालयाच्या आतच आहे, आणि वॉर्डातल्या सिस्टर-डॉक्टरांना जखम पाहून ओळखायचं प्रशिक्षण दिलेलं आहे. 'पाय घसरून पडले' असं तिसऱ्यांदा सांगणाऱ्या बाईला तिथे कुणीतरी हळूच विचारतं. टाळेबंदीत रुग्णालयं बंद होत नाहीत, त्यामुळे असं केंद्रही बंद होत नाही.

महामारीत दवाखान्यांची रचना बदलली, तीही बघा. दोन मीटर अंतर, तोंडाला मास्क, मध्ये प्लास्टिकचा पडदा. म्हणजे प्रत्येक जण ओरडून बोलणार. जे आधी कानात सांगता येत होतं ते आता रांगेतल्या दहा जणांना ऐकू जाणार. पडदा नजर अडवतो, आवाज अडवत नाही. पण त्याच वेळी दारावर पाटी लागली: 'नातेवाइकांनी बाहेर थांबावे.' समुपदेशन करणाऱ्या बायका वर्षानुवर्षं जे मागत होत्या, ते विषाणूने एका दिवसात करून दाखवलं. नवऱ्याला अपमान वाटला नाही, संशय आला नाही, नियम सगळ्यांनाच लागू होता. मास्क गेले तसा तो नियमही गेला. माझ्या मते तो ठेवायला हवा होता. तपासणीच्या खोलीत पेशंट एकटा, बाई असो की पुरुष.

स्पेनच्या कॅनरी बेटांवर तेव्हा एक युक्ती निघाली. बाईने औषधाच्या दुकानात जाऊन 'मास्क १९' मागायचा, दुकानदाराने ओळखून मदत बोलवायची. आपल्याकडे अनेकांनी ती कौतुकाने फॉरवर्ड केली. हिंगोलीत मात्र मेडिकलवाला नवऱ्याचा शाळासोबती असतो, आणि तो सांकेतिक शब्द नवऱ्याच्याही ग्रुपवर आलेला असतो.

हिंगोलीचंच बोलू. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला, पाच तालुक्यांचा आपला जिल्हा. वसमतच्या माणसाला हिंगोलीपेक्षा नांदेड जवळ. २०२० मध्ये जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता आणि अर्जात कारण लिहायचं होतं. वसमतच्या बाईने त्या रकान्यात काय लिहायचं होतं? शिवाय एसटी बंद. म्हणून ही खोली फक्त हिंगोलीच्या सिव्हिलमध्ये असून भागणार नाही. कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत, सगळीकडे हवी.

आणि आपल्या मोहल्ल्यातली बाई. तबलिगी जमातच्या बातम्यांनंतर तिला सरकारी दवाखान्याच्या दारात संशयाची भीती वाटत होती. २१ ऑगस्ट २०२० ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगींना बळीचा बकरा केल्याचं म्हटलं, पण तोवर पाच महिने गेले होते. दुसरी अडचण भाषेची. घरात दखनी बोलणाऱ्या बाईला मराठी समजतं, पण दुखणं तिच्याच बोलीत बाहेर येतं. मग दुभाषी म्हणून नणंदेला आत घेतात. तिथेच सगळं संपतं! दुभाषी दवाखान्याचीच हवी. नकाब वर करायला सांगायचा तर आतल्या खोलीत, सिस्टरने.

कुणी म्हणेल, आपल्याला तर वेगळा कायदा आहे. नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. तलाकआधी झालेल्या हिंसेसाठी तलाकनंतरही मुस्लिम बाईला त्याखाली दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. तुमच्या बहिणीला, भावजयीला हे सांगा. घरातल्या मोठ्यांनाही सांगा.

सिव्हिलमध्ये निवेदन घेऊन जाल तेव्हा अॅप मागू नका. हे मी, अॅप बनवून पोट भरणारा, सांगतोय. मागायचं ते असं: आतून कडी लागणारी, आवाज बाहेर न जाणारी एक खोली, तिला बाहेर पडायला दुसरं दार, आणि नवऱ्याने न पाहिलेला एक फोन, जिथून ती १८१ लावू शकेल. फोनवर समुपदेशन करायचं असेल तर पहिला प्रश्न 'आत्ता बोलता येईल का?' आणि पुढचे सगळे असे, की तिला फक्त हो किंवा नाही म्हणावं लागेल.

शेवटची गोष्ट कागदाची. पोलिसांत काही नोंदवलेलं नाही म्हणून दवाखान्याला उपचार नाकारता येत नाही, आणि तपासणी अहवालाची प्रत बाईला मोफत द्यावी लागते. हे नियमात आहे. पण ती प्रत घरी नेऊन ठेवायची कुठे? पर्समध्ये सापडली तर त्याच रात्री तिच्यावर बेतेल. म्हणून प्रत हातात देण्याआधी सिस्टरने विचारावं, 'आत्ता नेता, की इथेच ठेवू?' इथेच म्हणाली तर फाइलला कुलूप हवं, आणि सहा महिन्यांनी ती आली तर सापडायलाही हवी.