समजावणे, समजूत घालणे आणि समज देणे
(महिला मेळाव्यातील व्याख्यान)



मराठीत ‘समज’ या एका शब्दापासून तीन निरनिराळे व्यवहार निघाले आहेत. ज्याला ठाऊक नाही त्याला ठाऊक करून देणे म्हणजे समजावून सांगणे. मनातील शंका न फेडता ती गोड शब्दांनी सोडून द्यावयास लावणे म्हणजे समजूत घालणे. आणि पुन्हा असे होता कामा नये म्हणून बजावणे म्हणजे समज देणे. घरातील पुरुष स्त्रीला “थांब, नीट समजावून सांगतो” असे म्हणतो, तेव्हा या तिन्हींपैकी नेमके काय चालले आहे, हे पाहण्याजोगे असते.

उदाहरणांसाठी दूर जावे लागत नाही. आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिकेला चक्रवाढ व्याज म्हणजे काय, हे जावई पाव तास सांगत राहतात. बाई ऐकून घेतात, कारण जावई आहेत. दवाखान्यात डॉक्टर बाईंना विचारतात, “कुठे दुखते?” आणि उत्तर यजमान देतात. ज्यांनी कधी साधा चहा केला नाही असे गृहस्थ गॅसची बचत कशी करावी यावर जेवताना प्रवचन करतात. नातू आजीला मोबाईल शिकवतो म्हणजे तो तिच्या हातातून काढून घेतो, दोन-तीनदा बोट फिरवतो आणि “हे बघ, झालं” म्हणून परत देतो. आजीला काही आले नाही ते नाहीच. पुन्हा विचारण्याचा धीर मात्र उणावला. (सासूबाईही सुनेला याच सुरात शिकवतात हे खरे; परंतु तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.)

या वागण्यात दुष्टावा क्वचितच असतो, पुष्कळदा माया असते. म्हणूनच त्याविषयी बोलणे अवघड जाते. तक्रार केली तर ‘एवढेसे बोललेलेही हिला खपत नाही’ असे ऐकावे लागते.

शिकवण्यात काही वावगे आहे, असे कोणी म्हणणार नाही. महादेव गोविंद रानडे यांच्याशी १८७३ साली विवाह झाला तेव्हा रमाबाई निरक्षर होत्या. रानड्यांनी त्यांना स्वतः शिकविले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष रमाबाईंना किती सोसावा लागला, ते त्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहिले आहे. पुढे त्या सभांतून बोलू लागल्या आणि पुण्याच्या सेवासदनाची धुरा त्यांनी वाहिली. पत्नीने शिकावे हा निर्णयही पतीचाच होता, हे येथे नजरेआड करता येत नाही. तरीही त्या शिकवण्याच्या अखेरीस शिकणारी स्वतःच्या पायांवर उभी राहिली. चक्रवाढ व्याजाच्या पाव तासानंतर असे काही घडत नाही.

चहा-जेवणाच्या वेळचे हे बोल हसून सोडून देता येतील. पण तोच सूर एका ठिकाणी फार महाग पडतो. वडिलांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत भाऊ कागद घेऊन येतो. “ताई, तुला यातलं कळायचं नाही. सातबाऱ्यावर नावं चढवायची आहेत, तुझी फक्त एक सही लागेल.” तो कागद पुष्कळदा हक्कसोडपत्राचा असतो. वास्तविक वारसनोंदीसाठी हक्कसोडपत्र लागतच नाही. त्या नोंदीत मुलीचेही नाव येते. एकदा नोंदणी झालेले हक्कसोडपत्र मात्र सहजासहजी फिरत नाही. फसवणूक वा दडपण झाले हे न्यायालयात सिद्ध करावे लागते.

१९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे तेव्हापासूनचेच आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना सहहिस्सेदार केले, पण आधी विवाह झालेल्यांना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद गेला. हा हक्क जन्मतःच मिळतो, त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. यांतील एकही गोष्ट “तुला कळायचं नाही” या सदरात मोडणारी नाही.

बहिणीने सर्व जाणून, स्वखुशीने हिस्सा सोडला तर ती तिची उदारता. माहेर टिकावे म्हणून सोडला तरी तो तिचा विचार. पण काय सोडले हेच तिला ठाऊक नसेल, तर त्याला उदारता कसे म्हणावे? तेथे समजावले कोणीच नाही. समजूत मात्र घातली गेली.

गट क्रमांक कोणता, क्षेत्र किती, हक्क कोणाच्या लाभात सोडला जात आहे, मोबदला आहे की नाही, हे सारे त्या दस्तात लिहिलेलेच असते. किराणा, दूध आणि मुलांच्या फीचा हिशेब वर्षानुवर्षे चोख ठेवणाऱ्या बाईला ते वाचता येते. अडलेला शब्द वकिलाला विचारता येतो. आणि सही करण्यापूर्वी दस्ताची प्रत दोन दिवस घरी नेऊन वाचण्यास कोणताही कायदा मनाई करीत नाही.