गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल

आपल्या श्रीपुरात कारखान्याचं गाळप सुरू झालं की ऊसतोडीची माणसं येतात. इथल्या पत्त्याचा कागद त्यांच्याकडं नसतो. पण ५ किलोची टाकी नुसत्या ओळखपत्रावर मिळते. म्हणून एजन्सीकडून रीतसर घेऊन मी ती दुकानात ठेवली.

"ताई, मोठ्या टाकीतनं थोडा गॅस भरून द्या की," असं लई जण म्हणतात. त्यात पैसा सुटतो, पण ते बेकायदा आहे; एका ठिणगीत घर जाईल. मी नाही म्हणते. गेल्या हंगामात अशी चार गिऱ्हाइकं तुटली.

राहिलेली टिकली ती काट्यामुळं. टाकीवर रिकामं वजन लिहिलेलं असतं; त्यात ५ किलो मिळवा, तेवढं भरलंच पाहिजे. तुम्हीही सील बघा, वजन करूनच टाकी घ्या. गॅसचा वास आला तर बटणाला हात लावू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन करा.