खाऱ्या वाऱ्यातील पोलाद
(पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिनांक ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला. काँक्रीटच्या पोटात ताणून बसविलेल्या पोलादी तारा गंजत गेल्या होत्या. बाहेरून जाणाऱ्या-येणाऱ्यास त्याचा सुगावा नव्हता. नवा पूल १९९२ साली खुला झाला. तोवर फेरीबोटीची वाट पाहत ताटकळलेले वडीलधारे आजही या सभेत असतील.

याउलट कलकत्त्याचा हावडा पूल पाहावा. १९४३ साली खुल्या झालेल्या या पुलास सुमारे २६,५०० टन पोलाद लागले. त्यातील बहुतांश टाटांच्या कारखान्याचे. हुगळीच्या दमट हवेत तो ऐंशी वर्षांहून अधिक काळ उभा आहे. त्याचे पोलाद उघडे आहे. गंज दिसतो, खरवडता येतो, वर रंग चढविता येतो. (पादचाऱ्यांच्या पानाच्या पिचकाऱ्यांनी त्याच्या आधारांवरील लोखंडी आवरणे झिजविली, हेही सांगितले पाहिजे!)

आपल्या घराच्या स्लॅबातील सळई मात्र दृष्टीआड असते. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताणाखाली तडकते. तो ताण सळई घेते. सिमेंटच्या अल्कधर्मामुळे सळईवर एक सूक्ष्म संरक्षक पापुद्रा धरतो. समुद्राच्या मिठातील क्लोराइड तो पापुद्रा भेदते आणि गंज सुरू होतो. गंजास मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते, म्हणून तो काँक्रीट आतूनच फोडतो. छतावर सळईच्या रेषेत तांबूस चीर दिसली की आपण वरून गिलावा करून मोकळे होतो. तो उपचार नव्हे. रोग झाकणे होय.

आय.एस. ४५६ या मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीने किनारपट्टीच्या उघड्या हवेतील बांधकामासाठी सळईवर किमान ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण सांगितले आहे. गवंडी घाईत सळया थेट फळ्यांवर टेकवतात, तेव्हा हे आवरण उरतच नाही. सळईखाली सिमेंटचे ठोकळे हवेत. दगडाची खपली चालणार नाही. खाडीची खारी वाळू स्वस्त पडली तरी घेऊ नये. मुख्याध्यापकांनी शाळेच्या स्लॅबाच्या वेळी पट्टी घेऊन स्वतः अंतर मोजावे. कंत्राटदार रुष्ट झाला तरी चालेल. अंतर कमी भरल्यास ओतकाम थांबवून प्रथम अभियंत्यास बोलवावे.