रसाळ झाडांची माती

इंग्रजीत ज्यांना सक्युलंट म्हणतात, ती रसाळ पानांची झाडे अलीकडे घरोघरी खिडकीत आणि गच्चीवर दिसू लागली आहेत. कोरफड आणि पानफुटी ही आपल्या परसातली जुनीच मंडळी. त्यांच्या जोडीला आता एचेव्हेरिया, हावर्थिया, अडेनियम अशी परदेशी नावे धारण करणारी रोपे येतात, आणि त्यांच्यासाठी बरे पैसेही मोजावे लागतात. मात्र मे महिन्यात हौसेने आणलेले रोप आषाढ संपण्यापूर्वीच बुंध्याशी मऊ पडते. मग घरची माणसे म्हणतात, आमच्या हाताला गुण नाही. माझे मत असे की, दोष बहुधा हाताचा नसतो. तो कुंडीतल्या मातीचा असतो.

ही झाडे पाणी जपून वापरतात. बहुतेक झाडांच्या पानांवरील सूक्ष्म छिद्रे दिवसा उघडतात. यांच्यापैकी बहुतेकांची रात्री उघडतात आणि उन्हात मिटलेली असतात. त्यामुळे जास्वंदीची कुंडी ज्या वेळात कोरडी होते, त्या वेळात यांची कुंडी ओलीच राहते. त्यात पावसाळी दमट हवा असली म्हणजे विचारायलाच नको. मुळांनाही प्राणवायू लागतो, आणि पाण्यातून तो हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट मंद गतीने पसरतो. मातीतल्या पोकळ्या दिवसेंदिवस पाण्याने भरून राहिल्या की मुळे गुदमरतात आणि बुरशीला वाट मिळते. मुळे कुजली की पाने सुरकुततात. पाहणाऱ्याला वाटते, झाड तहानले! तो कळवळून आणखी एक तांब्या ओततो. रोगाचे लक्षणच उपचाराची दिशा चुकवते, असा हा विलक्षण प्रकार आहे.

यावर एक उपाय सर्रास सांगितला जातो: कुंडीच्या तळाशी खडीचा थर द्यावा, म्हणजे पाणी निथळते. हे खरे नाही, आणि ते का खरे नाही हे वर्गात मुलांना दाखविणे सोपे आहे. भांडी घासण्याचा एक लांबट स्पंज भिजवून आडवा धरावा. ठिबकणे थांबले की तोच उभा करावा. त्यातून पुन्हा पाणी गळू लागते. बारीक छिद्रांच्या पदार्थाच्या तळाशी पाण्याचा काही थर अडकून राहतोच, आणि त्याची उंची त्या पदार्थावर अवलंबून असते. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही, म्हणून खडीचा थर दिला की तो ओला पट्टा नाहीसा न होता मुळांच्या अधिक जवळ येतो. भोकावर खापराचा एक तुकडा ठेवावा, तो माती वाहून जाऊ नये म्हणून. खडी तळाशी नको, मिश्रणात हवी.

आता हे मिश्रण कशाचे? इंग्लंडमध्ये १९३० नंतरच्या दशकात सिद्ध झालेले जॉन इनेस मिश्रण प्रसिद्ध आहे: सात भाग पोयट्याची माती, तीन भाग पीट, दोन भाग भरड वाळू. ते तिकडच्या हवेत सर्वसाधारण कुंड्यांसाठी ठरविलेले आहे. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात रसाळ झाडांना ते जसेच्या तसे देणे म्हणजे दुसऱ्याचा अंगरखा माप न घेता चढविणे होय. आपल्याकडे निम्म्याहून अधिक भाग खड्यांचाच असावा. कोकणपट्टीत आणि खानापुराकडे तर तीन भागांतले दोन. तीन ते सहा मिलिमीटरचे खडे उत्तम. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा चुरा या भागात मुबलक मिळतो. तो सच्छिद्र असल्यामुळे थोडी ओल धरतो आणि हवाही खेळू देतो. तो न मिळाला तर विटांचे तुकडे किंवा नदीची भरड वाळू चालेल. समुद्राची वाळू मात्र नको. ती बारीक असते आणि खारटही. काहीही घेतले तरी ते चाळणीने चाळून, धुऊन घ्यावे, कारण खड्यांमधली भुकटीच पोकळ्या बुजविते. उरलेल्या भागात बागेतली भुसभुशीत माती आणि पालापाचोळ्याचे जुने, पूर्ण कुजलेले खत घालावे. ताजे शेणखत कटाक्षाने टाळावे.

इंदूर, बडोदे या बाजूच्या श्रोत्यांना एक सूचना. तिकडची काळी माती कापसाला लाख मोलाची, पण कुंडीत ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळून मुळे तोडते. ती अगदी थोडी वापरावी. उन्हाळा कडक असल्यामुळे खताचा भाग मात्र थोडा वाढविला तरी चालेल.

रोपवाटिकेतून आलेले रोप बहुधा नारळाच्या काथ्याच्या भुशात असते, ज्याला कोकोपीट म्हणतात. वाहतुकीला ते हलके, विक्रेत्याला सोयीचे. त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण आपल्या घरी तो भुसा पावसाळ्यात आठवडा आठवडा भिजलेला राहतो. तेव्हा पावसाळा संपल्यावर, हवा कोरडी झाली की, रोप काढून मुळांभोवतीचा भुसा हलक्या हाताने झाडावा आणि नव्या मिश्रणात लावावे. कुंडी मातीची असेल तर अधिक बरे, तिच्या अंगातूनही ओल उडते.

शिवनेरीच्या उभ्या कड्यांच्या फटींत शिंदळ माकुडी नावाची एक दुर्मीळ रसाळ वनस्पती वाढते. सह्याद्रीचा पाऊस ती अंगावर घेते, पण तिच्या मुळाशी पाणी क्षणभरही थांबत नाही. ही वनस्पती पाहून समाधान मानावे; उपटून आणू नये. ती आधीच मोजक्या ठिकाणी उरली आहे.

मिश्रण साधले की नाही, याची परीक्षा सोपी आहे. ओलसर मिश्रण मुठीत दाबावे. मूठ उघडताच ते विस्कटले पाहिजे, लाडू वळता कामा नये. कुंडीत पाणी ओतले तर ते वर साचून न राहता लगेच खाली उतरले पाहिजे. नव्याने लावलेल्या रोपाला मात्र चार-सहा दिवस पाणी देऊ नये. मुळांच्या जखमा तेवढ्या अवधीत सुकतात. चाळणीखाली राहिलेली भुकटी गुलाबाच्या आळ्यात टाकावी, तिथे तिची अडचण होत नाही.