पडली तर उचलणार कोण?

 

आजचा विषय माझ्या भाचीमुळे सुचला. ती इथेच व्हाइटफील्डला आयटीत नोकरी करते. दिवाळीत फराळाला आली आणि पहिली चकली संपायच्या आत म्हणाली, "मामा, मला बाईक घ्यायची आहे. रोज आउटर रिंग रोडवरून ऑफिसला नेईल, शनिवारी-रविवारी कच्च्या वाटेवर जाईल आणि एकदा स्पितीला नेईल, अशी एकच गाडी सांग."

स्वयंपाकघरातून माझ्या बायकोचा आवाज आला, "आधी मामाला त्याच्या पायाचं विचार. गाडीचं नंतर."

पायाची गोष्ट सांगणार आहे. पण आधी गाडीच्या जातीविषयी थोडं बोलू.

डांबरी रस्त्यावर आणि रस्ता सोडून, दोन्हीकडे चालणाऱ्या गाडीला ड्युअल-स्पोर्ट म्हणतात. यामाहाने 1968 मध्ये डीटी-1 नावाची 250 सीसीची हलकी गाडी अमेरिकेत आणली आणि ही जात लोकांच्या ओळखीची झाली. 1980 मध्ये बीएमडब्ल्यूने आर 80 जी/एस आणली. ती जवळपास 800 सीसीची, लांब प्रवासाची. तेव्हापासून या घराण्याच्या दोन शाखा आहेत. एक हलकी, रानाकडे झुकलेली. दुसरी जड, रस्त्याकडे झुकलेली. तिला आपण अ‍ॅडव्हेंचर म्हणतो. दुकानात दोन्ही शेजारी उभ्या असतात, दिसायलाही सारख्या असतात, आणि तिथेच माणूस फसतो.

आपल्याकडे हीरोने 2011 मध्ये इम्पल्स आणली होती, 150 सीसीची. चांगली गाडी, पण लोक तयार नव्हते. 2016 मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, 2019 मध्ये हीरोची एक्सपल्स 200 आली, 2020 मध्ये चाकणला बनणारी केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचर आली. मग मात्र बाजार उघडला.

आता निवड कशी करायची? फौजेत कुठल्याही कामाआधी आम्ही एक कागद लिहायचो, त्याला अ‍ॅप्रिसिएशन म्हणतात. उद्देश काय, जमीन कशी, आपलं बळ किती, रसद कुठून येणार. हत्याराचं नाव सगळ्यात शेवटी. गाडी घेताना आपण बरोबर उलटं करतो. आधी नाव ठरवतो, मग उद्देश शोधतो.

जमिनीपासून सुरू करू. भाचीला म्हटलं, पुढचा एक महिना वहीत लिही. किती किलोमीटर डांबर, किती कच्चा रस्ता, किती वाटच नसलेली जागा. तिने स्कूटरवरच्या आणि मैत्रिणींच्या गाड्यांवरच्या फेऱ्या लिहिल्या. शंभरातले नव्वद किलोमीटर डांबर निघालं. उरलेल्या दहात आठ किलोमीटर मुरमाचा रस्ता. खरं रान दोन किलोमीटर. तुम्हीही लिहा. सातारा, बेळगाव, इंदूर, बडोदा, जिथे असाल तिथे. गावाकडची पाणंद, धरणाच्या कडेचा रस्ता, घाटातली दरड पडलेली जागा, सगळं मोजा. आपल्या मनातलं रान वहीतल्या रानापेक्षा नेहमी मोठं असतं.

जमीन बदलली की गाडीची अंगंही बदलतात. पुढचं चाक 21 इंचाचं असेल तर खड्ड्यावरून, दगडावरून ते सहज चढतं. पण डांबरावर वळताना तेच चाक जरा आळशी वाटतं. 19 इंचाचं चाक मधलं, 17 इंचाचं निव्वळ रस्त्याचं. सस्पेन्शनचा प्रवास जितका लांब, तितका धक्का कमी. पण मग सीट उंच होते. मोठ्या ठोकळ्यांचे टायर चिखलात पकडतात, आणि ओल्या डांबरावर तेच टायर घसरतात. इथे फुकट काही मिळत नाही. एका बाजूला कमावलं की दुसऱ्या बाजूला द्यावं लागतं.

आता आपलं बळ. म्हणजे माझ्या पायाची गोष्ट.

निवृत्त झाल्यावर मी स्वतःला एक मोठी अ‍ॅडव्हेंचर गाडी भेट दिली. टाकी भरली की दोनशे किलोच्या वर जाणारी. नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. आयुष्यभर फौजेची बुलेट चालवली होती. लेहच्या पुढे, बर्फात, नाल्यात. त्यामुळे वजनाचं मला काय, असा माझा तोरा होता.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी घरी सांगितलं, "होसकोटेपर्यंत जाऊन येतो." आणि गेलो त्याच्याही बराच पुढे, कोलारच्या बाजूला. तिथे जुनी तळी आहेत, कन्नडमध्ये त्यांना केरे म्हणतात. एक केरे कोरडं दिसलं, म्हणून गाडी आत घातली. वरून वाळलेली पापडी, खाली भुसभुशीत माती. पुढचं चाक रुतलं, गाडी डावीकडे कलली, मी पाय टेकवला आणि दोनशे किलो माझ्या घोट्यावर आले.

वेग किती होता? चालण्याइतका. हाड मोडायला वेग लागत नाही, वजन पुरतं.

पाऊण तास मी तिथे पडून होतो. पाय गाडीखाली, फोनला नेटवर्क नाही, ऊन चढत चाललेलं. पेट्रोलचा वास येत होता. त्या पाऊण तासात एकच गोष्ट कळली. फौजेत माझी बुलेट कितीदा तरी पडली होती, आणि एकदाही मी ती एकट्याने उचलली नव्हती! मागून चार जवान धावत यायचे. पंचवीस-तीस वर्षं मी ज्याला माझी ताकद समजत होतो, ती त्या चौघांची होती.

शेवटी एक म्हातारा मेंढपाळ आणि त्याचा नातू आले. दोघांनी आणि मी मिळून ती कशीबशी अर्धी उचलली, मी पाय ओढून घेतला. म्हातारा गाडीकडे बघून म्हणाला, "एष्टु भार, सार!" म्हणजे, किती जड हो साहेब! घोट्याला फ्रॅक्चर होतं, सहा आठवडे प्लास्टर. पण प्लास्टरपेक्षा जास्त लागलं ते बायकोचं बोलणं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही पडलात त्याचं काही नाही. मी तुम्हाला होसकोटेला शोधत बसले असते." मंडळी, याला उत्तर नाही. कुठे जातोय ते खरं सांगून निघायचं. ही गाडीची नव्हे, माणसाची शिस्त आहे.

म्हणून माझा पहिला नियम. जी गाडी मऊ जमिनीवर आडवी पडल्यावर तुम्ही एकट्याने, लागोपाठ दोनदा उचलू शकता, ती तुमची. शोरूममध्ये हे करू देणार नाहीत. तशी गाडी असलेल्या मित्राला चहा पाजा आणि गवतावर करून बघा. पद्धत अशी. इंजिन बंद. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड काढून ठेवा, नाहीतर उचललेली गाडी दुसऱ्या बाजूला जाईल. गिअरमध्ये ठेवा म्हणजे सरकणार नाही. हँडल जमिनीकडे पूर्ण वळवा. सीटला पाठ लावून खाली बसा, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची दांडी धरा, आणि पाठ सरळ ठेवून मांड्यांच्या जोरावर छोटी छोटी पावलं टाकत मागे रेटा. कमरेने उचलायला गेलात तर डॉक्टरकडे जाल.

वजनाचा प्रश्न फक्त माझ्यासारख्या साठी उलटलेल्यांचा आहे असं समजू नका. आपल्या बेंगळुरूचा सी. एस. संतोष 2015 मध्ये डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, 36 व्या क्रमांकाने. जगातली सगळ्यात कठीण समजली जाणारी ही रॅली, आणि तिथे 2011 पासून मोटारसायकलला 450 सीसीची मर्यादा आहे. याच शहरातल्या ऐश्वर्या पिस्सेने 2019 मध्ये एफआयएम बाहा विश्वचषकात महिलांचं विजेतेपद मिळवलं. रानात काम होतं ते सरावाने. मोठ्या इंजिनाने नव्हे.

पण न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. मी जड गाडी विकली आणि एक्सपल्स 200 घेतली. सुमारे 160 किलो. रानात तिने मला दहा वर्षांनी तरुण केलं. मग तीच घेऊन साताऱ्याला गावी निघालो. बेंगळुरू-पुणे हायवे, तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव. ऐंशीपर्यंत गाडी खूश असते. त्याच्या वर नेली की हातांना मुंग्या येतात. आणि मागून शंभरने येणारी बस आरशात मोठी होत जाते, तेव्हा ओव्हरटेक करायला मनगटात काही शिल्लक नसतं. हायवेवर ताकद हीसुद्धा सुरक्षितता असते. त्या वेळी जड गाडीची आठवण आली, खोटं कशाला बोलू? आता मी दोन मुक्काम करून जातो. वेळ माझ्याकडे आहे. तुमच्याकडे रविवार रात्रीपर्यंतच वेळ असेल, तर तुमचं उत्तर वेगळं येईल.

रसद. म्हणजे पेट्रोल, पंक्चर, मेकॅनिक. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपावर पाटी असायची, पुढचा पंप 365 किलोमीटर. कागदावर हिशोब करा. केटीएम 390 एन्ड्युरो आर रानात भन्नाट, पण टाकी 9 लिटरची. लिटरला तीस धरले तरी 270 किलोमीटर. म्हणजे कॅन बांधून नेणं आलं. हिमालयन 450 ची टाकी 17 लिटर, एक्सपल्स 200 ची 13.

तारांचं चाक दगडावर वाकतं पण सहसा फुटत नाही, ठोकून सरळही होतं. अलॉय चाकाला तडा गेला तर बदलावंच लागतं. पण तारांच्या चाकात बहुतेकदा ट्यूब असते, आणि ट्यूबचं पंक्चर काढायला चाक उतरवावं लागतं. ते शिकून घ्या. अंगणात शिका, पावसात नव्हे.

ब्रेकचंही बघा. डांबरावर एबीएस जीव वाचवतो. सैल खडीच्या उतारावर मात्र मागचा एबीएस गाडी लवकर थांबू देत नाही, कारण अडलेलं चाक खडीत रुतूनच थांबतं. म्हणून मागचा एबीएस बंद करायची सोय असलेली गाडी घ्या. आणि डांबरावर परत आल्यावर तो चालू करायला विसरू नका.

पैशाचं थोडक्यात सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवर 40 टक्के झाला. त्यामुळे दोन गटांतली दरी वाढली आहे. शिवाय हेल्मेट, घोट्याच्या वर येणारे बूट, गुडघ्याचे पॅड, ग्लोव्हज यांचे पैसे गाडीच्या बजेटमध्येच धरा. त्या दिवशी माझ्या पायात साधे चालायचे बूट होते. गाडी लाखांची आणि बूट हजाराचे, हे गणित मी घोट्याने सोडवलं आहे.

मग माझं मत काय? रोज शहर, अधूनमधून रान आणि शिकायची इच्छा असेल, तर एक्सपल्सच्या वर्गातली हलकी गाडी. महिन्यातून दोनदा लांबचा हायवे, वाटेत खराब रस्ते, सोबत सामान किंवा जोडीदार असेल, तर हिमालयन 450. ती 196 किलोची, 40 पीएसची. तब्येत आणि मित्र दोन्ही सोबत ठेवा. वेग आवडत असेल आणि हात बसलेला असेल, तर केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचर. 2025 मध्ये आलेल्या गाडीला 399 सीसी आणि 46 पीएस होते. आणि रान म्हणजे फक्त खड्ड्यांचा रस्ता असेल, तर सध्याच्या गाडीचे टायर बदलून बघा. कदाचित नवीन गाडी लागणारही नाही.

भाचीची उंची पाच फूट एक इंच. 825 मिलिमीटरची सीट ऐकूनच ती खट्टू झाली. मी तिला म्हटलं, दोन्ही पाय टेकायलाच हवेत असं कुणी सांगितलं? थांबताना थोडं एका बाजूला सरकायचं आणि एक पाय पक्का टेकायचा. पण ते हलक्या गाडीवर जमतं, जड गाडीवर तीच चूक घोट्यावर येते. तिने आधी एक दिवसाचं ऑफ-रोड प्रशिक्षण घेतलं, तिथे अकरा वेळा पडली आणि अकरा वेळा स्वतः उचलली. मग सेकंडहँड एक्सपल्स घेतली. स्पितीसाठी मनालीला मोठी गाडी भाड्याने घेणार आहे, चार मैत्रिणींसोबत. मला हा हिशोब पटला. वर्षातल्या साडेतीनशे दिवसांसाठी गाडी विकत घ्यावी आणि पंधरा दिवसांच्या स्वप्नासाठी भाड्याने.

गेल्या रविवारी आम्ही दोघं अवलबेट्टाच्या बाजूला गेलो होतो. एका ओढ्यात माझी गाडी आडवी झाली. भाची उतरून धावत आली. मी म्हटलं, थांब. पाठ लावली, मांड्यांनी रेटली, उभी केली. धाप लागली, पण केली. घरी फोन करून सांगितलंही, कुठे आहे आणि काय झालं. बायको म्हणाली, "बरं. जेवायला या."

तुम्हीही अशी गाडी निवडा की घरी जेवायला परत याल. सांभाळून चालवा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.