ऑपरेशन थिएटरमधली हवा



ऑपरेशन थिएटरबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना काळजी असते ती डॉक्टरांच्या हाताची, भुलीची, रक्ताच्या बाटलीची. आतल्या हवेचा विचार सहसा कुणाच्या मनात येत नाही. तो करण्याचं काम रुग्णालयातल्या मायक्रोबायॉलॉजी विभागाचं, आणि त्यासाठीचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे जंतू वाढवण्यासाठी आगर या जेलीसारख्या पदार्थाचा थर दिलेली उथळ बशी, पेट्री डिश.

रीत सोपी आहे. बशी जमिनीपासून एक मीटर उंचीवर, भिंतीपासून एक मीटर दूर, एक तास उघडी ठेवायची. हवेतले धुळीचे, कातडीचे कण तिच्यावर पडतात. मग झाकण लावून ती साधारण 37 अंश तापमानाला 48 तास इन्क्युबेटरमध्ये ठेवतात. एकेका कणावरचे जंतू वाढून डोळ्यांना दिसेल एवढी वसाहत होते. गुळगुळीत, सोनेरी ठिपका दिसला की स्टॅफिलोकॉकस या जंतूचा संशय घ्यायचा. हिरवट-काळी लव दिसली की बुरशीचा. सोबत एक बशी मुद्दाम न उघडता ठेवतात. तिच्यातही काही उगवलं, तर सगळीच तपासणी बाद.

हे आगर प्रयोगशाळेत आलं तेही हवेच्याच अभ्यासातून. 1881 च्या सुमारास जर्मनीत वॉल्टर हेसे हवेतले जंतू तपासत होते, पण जंतू वाढवण्यासाठी वापरलेलं त्यांचं जिलेटिन उन्हाळ्यात वितळून जायचं. त्यांच्या पत्नी फॅनी जेली करताना आगर वापरत. त्यांनी ते सुचवलं आणि अडचण मिटली. पुढे 1887 मध्ये पेट्री यांनी झाकणाची बशी आणली.

मात्र बशी कोरी निघाली म्हणजे थिएटर जंतुमुक्त, असं समजू नये. अगदी बारीक कण तासाभरात खाली बसतच नाहीत. विषाणू नुसत्या आगरवर वाढत नाहीत, आणि क्षयाच्या जंतूला वाढायला काही आठवडे लागतात. शिवाय रिपोर्ट हाती येतो तेव्हा तो दोन दिवसांपूर्वीच्या हवेचा असतो. म्हणून एकट्या रिपोर्टला फारसा अर्थ नाही. त्याच जागी, तशाच वेळी घेतलेले रिपोर्ट शेजारी शेजारी मांडले, की आकडा कधी चढला ते कळतं.

आकडा चढला की पुष्कळदा पहिली धाव जंतुनाशकाच्या फवारणीकडे असते. पण फिल्टर तुंबलेला असेल, तर आज फवारलेली खोली उद्या पुन्हा तशीच होणार. आधुनिक थिएटरमध्ये हेपा फिल्टरमधून गाळलेली हवा येते, तासाला किमान 20 वेळा बदलते, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे बाहेरची हवा आत शिरत नाही. दार उघडलं की हा दाब ढळतो. तेव्हा आधी विचारायचं ते हे: त्या तासात आत माणसं किती होती? दार किती वेळा उघडलं? फिल्टर कधी तपासला? शेजारी बांधकाम चालू आहे का? कारण थिएटरमधल्या हवेत जंतू सोडणारा मुख्य स्रोत असतो माणूस. त्याच्या कातडीचे सूक्ष्म पापुद्रे सतत झडत असतात, गाउन घातला तरी.

म्हणून ओळख काढून "फक्त दोन मिनिटं आत डोकावू द्या" असा आग्रह सिस्टरांकडे धरू नका. त्यांनी दारातूनच परत पाठवलं, तर रागावू नका. आतल्या रुग्णाच्या भल्यासाठीच त्या दार धरून उभ्या आहेत.