घराचा कागद होण्याआधी

(सातारा येथे झालेल्या कार्यकर्ती शिबिरातील भाषणाचा मजकूर. शिबिराला सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या बचत गटांच्या आणि सल्लाकेंद्रांच्या कार्यकर्त्या आल्या होत्या.)

मला आज कायद्यावर बोलायला सांगितलंय, पण मी वकील नाही. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि तेव्हापासून सल्लाकेंद्रात बसते. मारहाण, सोडून देणं, पोटगी अशी तक्रार घेऊन बाई येते. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला घराचा विषय निघतोच. "घर कुणाच्या नावावर आहे?" असं विचारलं की ती म्हणते, "आमचंच आहे की!" या 'आमचं' मध्ये ती आहे की नाही, ते कागद बघितल्यावर कळतं. बहुतेक वेळा ती नसते.

हा कागद नेमका कधी ठरतो, यावर आज बोलू. आपल्याला वाटतं, खरेदीच्या दिवशी निबंधकाच्या ऑफिसात फोटो काढतात, अंगठे घेतात, तेव्हा. पण तोवर सगळं ठरून गेलेलं असतं. ते ठरतं साठेखताच्या वेळी, एजंटच्या टेबलावर, चहा पिता पिता.

आधी माझीच गोष्ट सांगते, कारण ती सांगायची मला लाज वाटत होती. आम्ही नवरा-बायकोनं साताऱ्यात घर घ्यायचं ठरवलं. माझ्या पगारातली शिल्लक, आईनं दिलेल्या पाटल्या मोडून आलेले पैसे, त्याचं कर्ज, असा मेळ घातला. साठेखताचा मसुदा घरी आला. रात्री भाकऱ्या झाल्यावर मी वाचायला घेतला. 'लिहून घेणार' म्हणून एकट्या नवऱ्याचं नाव होतं. माझं नाव शेवटच्या पानावर होतं, साक्षीदार क्रमांक दोन! माझ्याच पैशाला मी साक्षीदार.

आणि सांगते, मी चार दिवस काही बोलले नाही. बायकांना रोज सांगणारी मी, पण घरात तोंड उघडेना. वाटलं, याला वाटेल आपल्यावर विश्वास नाही. पाचव्या दिवशी बोलले. तो म्हणाला, "अगं, मग सांगायचंस की. मी तर नीट वाचलंही नव्हतं." त्याच्या मनात काही नव्हतं, हे खरं. पण मनात काही नसताना बाईचं नाव गळतं, हेच तर आपलं दुखणं आहे. एजंट मात्र म्हणाले, "वहिनी, आत्ता राहू द्या, नंतर खरेदीला नाव घालू." मैत्रिणींनो, हे 'नंतर' फार महागात पडतं. साठेखत एकदा एकाच्या नावानं झालं की पुढचं खरेदीखत त्याच नावानं होत जातं. मग नाव वाढवायला विकणाऱ्याची संमती लागते, कधी मुद्रांक शुल्क नव्यानं भरावं लागतं आणि घरातलं भांडण वेगळं. आम्ही सहीच्या आधी मसुदा बदलून घेतला. एक पान पुन्हा टाइप करावं लागलं, एवढाच खर्च.

आता साठेखत म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. याबाबत आपल्या दोन चुका होतात आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत.

पहिली चूक सही करताना होते. "नुसता इसार तर द्यायचाय, पुढचं पुढं बघू." असं नसतं. साठेखत हा करार आहे आणि सही केल्याक्षणी तो दोन्ही बाजूंना बांधतो. फ्रान्समध्ये घर घेणाऱ्याला असा प्राथमिक करार झाल्यावर १० दिवस विचार करायला मिळतात. त्या मुदतीत कारण न देता माघार घेता येते. आपल्याकडे जुनं घर किंवा प्लॉट घेताना अशी सोय नाही. आपण मागं फिरलो तर इसार जप्त, असं कलम बहुतेक साठेखतात लिहिलेलंच असतं. म्हणजे विचार करायचे जे काही दिवस आहेत, ते सहीच्या आधीचे.

दुसरी चूक सही झाल्यावर होते. "झालं बाई, आता घर आपलं!" नाही झालं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ स्पष्ट सांगतं की विक्रीच्या करारानं मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. मालकी येते ती नोंदणी झालेल्या खरेदीखतानं. साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असे तीन कागद करून घर 'विकायची' पद्धत होती. त्यानं मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या सूरज लॅम्प खटल्यात सांगितलं.

थोडक्यात, साठेखत आपल्याला बांधतं, पण घर देत नाही.

याची किंमत काय, ते सांगलीत बघा. शेतकऱ्याकडून गुंठा-दोन गुंठे जागा घ्यायची, नोटरीचा शिक्का मारायचा आणि घर बांधायचं. सांगली, मिरज, कुपवाडच्या कितीतरी वस्त्या अशा उभ्या राहिल्या. तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्यामुळे इतक्या लहान तुकड्याची खरेदी नोंदवता येत नसे. गरिबाला दुसरी जागा परवडत नव्हती. या वस्त्यांसाठी २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा आला. त्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली.

अशाच एका सखल वस्तीतल्या मावशी आमच्याकडे आल्या. २००७ साली नवऱ्यानं दीड गुंठा घेतला, नोटरीवर. पैसे सगळे दिले, त्यात मावशींचं डोरलंही गेलं. नवरा वारला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ट्रंकेतले कागद भिजून लगदा झाले. मग शेतकरी वारला. त्याची मुलं म्हणाली, "सात-बारा आमच्या नावावर आहे, आजच्या भावानं पैसे द्या." करार पुरा करून मागायचा दावा ठरलेल्या तारखेपासून ३ वर्षांत लावावा लागतो. तारीख लिहिलेली नसेल, तर समोरच्यानं नकार दिल्याचं कळल्यापासून. मावशींच्या कागदावर तारीख होती की नाही, हे कोण सांगणार? "मी इथं राहतेय की," त्या म्हणतात. पण २००१ पासून कायदा बदललाय. ताब्याचं संरक्षण मागायचं तर साठेखत नोंदलेलं लागतं. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. आणि वस्ती नियमित झाली म्हणून वारसांशी असलेला वाद मिटत नाही. मावशी अजून त्याच घरात राहतात आणि भांडण अजून चालूच आहे.

आणखी एक गोष्ट. साठेखताच्या दुसऱ्या बाजूलाही बाई असते, ती म्हणजे विकणाऱ्याची बहीण. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून हिंदू कुटुंबातल्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. म्हणून भाऊ घर विकायला काढतो तेव्हा तिला पंचमीला बोलावणं येतं, साडी मिळते आणि 'संमती देणार' या ओळीपुढं सही घेतली जाते. भावाचं नातं तुटायला नको म्हणून ती करते. तिनं करू नये, असं मी म्हणत नाही. पण किंमत किती ठरली, माझा वाटा किती, एवढं तिनं सहीआधी विचारावं. आणि आपण घेणाऱ्या असू तर बहिणींच्या सह्या आहेत का, हे आपणच बघावं. तिला डावलून घेतलेलं घर उद्या कोर्टात अडकतं, आणि ते आपल्या चळवळीच्या बाईला शोभतही नाही.

तेव्हा सहीआधीच्या दिवसांत करायचं काय?

मसुदा घरी मागून घ्या. "तिथंच वाचा" म्हणाले तर सही करू नका. वाचता येत नसेल तर गटातल्या मुलीकडून मोठ्यानं वाचून घ्या.

'लिहून घेणार' मध्ये आपलं नाव आहे का, ते बघा. नाव नसेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं राहायचा हक्क मागता येतो, पण मालकी मिळत नाही. एकट्या नवऱ्याच्या नावावरचं घर तो तुमच्या सहीशिवाय विकू शकतो. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही, ही त्यातली अट २०२३ मध्ये काढली. दोघांचं नाव असेल तर सवलत नाही. आम्ही दोघांची नावं घातली आणि सवलत सोडली. तुम्ही घरात बसून ठरवा, पण ठरवा.

सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक, फेरफार आणि गावात असेल तर नमुना ८ चा उतारा ताजा काढा. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का, ते बघा. निबंधकाकडे जुन्या नोंदींचा शोध घ्यायला वकिलाला सांगा.

पैसे बँकेतूनच द्या आणि आपल्या खात्यातून गेलेली रक्कम करारात आपल्या नावापुढं लिहून घ्या. खरेदीची तारीख, ताब्याची तारीख, कर्ज नामंजूर झालं तर इसार परत मिळेल का, हे शब्दांत लिहिलेलं हवं.

साठेखत नोंदवा. सही झाल्यापासून ४ महिन्यांत ते निबंधकाकडे द्यावं लागतं. आणि बिल्डरचा फ्लॅट असेल तर २०१६ च्या रेरा कायद्यानं, नोंदणीकृत करार केल्याशिवाय त्याला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

मैत्रिणींनो, याच दोन जिल्ह्यांत परित्यक्ता बायकांनी स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड आणि घरासाठी जागा मागितली. इंदुताई पाटणकरांसारख्या बायका त्यांच्याबरोबर रस्त्यावर होत्या. त्यांच्यापुढं सरकार होतं, घोषणा देता येत होत्या. आपल्यापुढं आपलाच नवरा असतो, भाऊ असतो, एजंटचा चहा असतो. तिथं घोषणा चालत नाही. तिथं म्हणावं लागतं, "थांबा, मला वाचू द्या." हे म्हणायला मला चार दिवस लागले. तुम्हाला लागले तरी चालतील, पण ते सहीच्या आधीचे असू देत.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या घराच्या कागदाची झेरॉक्स आणायची आहे. कागद कुठं ठेवलाय हे ज्यांना माहीत नाही, त्यांनी शोधायला आज घरी गेल्यावरच सुरुवात करावी.